रात्री दुखलं तर काय करायचं?

'आता घरी न्या' म्हटल्यावर माझ्या आतेभावाने डॉक्टरांना एवढंच विचारलं, रात्री दुखलं तर काय करू? उत्तर मिळालं नाही. पोरगा सात वर्षांचा. पुढचे दोन महिने वहिनी बसल्याबसल्या झोपायची. थोरलीची शाळा कधी सुटली, कुणाला कळलंही नाही.

हॉस्पिस म्हटलं की लोकांना मरणाचं घर वाटतं. साफ चूक! ऑक्सफर्डला 1982 साली मुलांसाठी हेलन हाउस सुरू झालं, ते एका आजारी मुलीच्या आईबापांना अधूनमधून विसावा देण्यातूनच. मुंबईत सायनला 2014 पासून हॅपी फीट होम आहे. मुलं दिवसा येतात, खेळतात, घरच्यांनाही आधार मिळतो. इतकं लांब कशाला, आपल्या शेजारच्या जव्हारला सरकारी दवाखान्यात मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा प्रकल्प झालाय. तिथं जमलं, मग नाशकात का नाही?

कुंभाची कामं होऊ द्या की, कोण नको म्हणतंय. पण सिव्हिलला चार खाटा, मॉर्फिन देऊ शकणारा एक डॉक्टर आणि रात्री फोन उचलणारी एक नर्स द्या. मॉर्फिनचा कायदा 2014 सालीच सुटसुटीत झालाय, ती सबब चालणार नाही.

सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतोय. सोबत येणार असाल तर कमेंटमध्ये सांगा.