आधी बघू, मग फोटो

आज माझीच एक चूक सांगते.

मे महिन्याच्या सुट्टीत बहिणीकडे स्टॉकहोमला गेले होते. तिथल्या इतिहास संग्रहालयात व्हायकिंगांच्या वस्तू आहेत. आत शिरल्यापासून मोबाईल हातातच! तलवारी, चांदीची नाणी, मणी, दागिने... वर्गात दाखवायचं म्हणून दिसेल त्याचा फोटो. शिंगांचा टोपही शोधत होते, तो काही दिसला नाही. दिसणार कसा? व्हायकिंग काळातला तसा टोप आजवर कुठे सापडलेलाच नाही. वाग्नरच्या १८७६ च्या ऑपेरातल्या वेशभूषेमुळे ती शिंगं लोकांच्या डोक्यात बसली, आणि आपल्या मुलांच्या कार्टूनमध्येही आली.

मग एका काचेच्या पेटीत चक्क बुद्ध दिसले! कमळावर बसलेली ब्राँझची मूर्ती. साधारण सहाव्या शतकात काश्मीर-स्वातच्या बाजूला घडवलेली आणि १९५० च्या दशकात स्वीडनच्या हेल्गो बेटावर उत्खननात सापडलेली. त्याच बेटावर आयर्लंडच्या धर्मदंडाचं टोक आणि इजिप्तकडची पळीही निघाली. म्हणजे तिथे इतक्या लांबच्या वस्तू पोचत होत्या. मला भरून आलं. झूम करून छान फोटो घेतला आणि पुढे निघाले.

जूनमध्ये चौथीच्या वर्गात तो फोटो प्रोजेक्टरवर लावला. भिंतभर बुद्ध. एका मुलीने विचारलं, "बाई, केवढी आहे हो ही मूर्ती?"

मी हाताने फूटभर दाखवलं. घरी येऊन वाचलं, तर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर! समोर उभी राहून आले, पण पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलांसमोर चूक कबूल केली.

फोटो काढूच नका, असं मी म्हणत नाही. पण सहलीला नेताना पहिली पाच मिनिटं मोबाईल पिशवीत ठेवा, आपलाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयातला अडकित्ता असो की दिवा, मुलांना काचेबाहेरून वीत धरून अंदाज करू दे, वहीत वेडंवाकडं चित्र काढू दे. मग फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवून. शेजारच्या माहितीच्या पाटीचाही घ्या, मी तोही घेतला नव्हता.

त्या दिवशी मुलांनी पट्टीने वहीत साडेआठ सेंटिमीटरची रेघ मारली. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ही तर खिशात मावेल! कुणीतरी खिशातनंच नेली असेल."