जेट ड्रॅगनची प्रतीक्षा: घरातल्या कॉकपिटमध्ये नेमके कोणते १२५ यावे?

१/ घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्यांचे एक स्वतंत्र जग आहे. जुन्या ब्रिटिश '१२५' या बिझनेस जेटची चाहूल लागली, की तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधी येणार? त्याहून मोलाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. नेमके कोणते १२५ येणार, आणि ते कोणाला विचारून घडवले जाणार? त्या प्रश्नासाठी आधी या विमानाची कुळकथा पाहायला हवी.

२/ ही कथा डी हॅविलंड कंपनीपासून सुरू होते. तिचे 'डव्ह' हे दोन पिस्टन इंजिनांचे छोटे विमान जुने होत चालले होते. त्याची जागा घेणारे जेट १३ ऑगस्ट १९६२ रोजी इंग्लंडमधील हॅटफिल्ड येथून प्रथम उडाले. त्याला नाव मिळाले 'जेट ड्रॅगन'. १९३० च्या दशकात गाजलेल्या 'ड्रॅगन रॅपीड' या दुपंखी विमानाचे हे स्मरण होते.

३/ फ्रान्सचे फाल्कन २० मे १९६३ मध्ये उडाले, तर अमेरिकेचे लिअरजेट २३ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. १२५ या दोघांच्याही आधीचे. तरीही खासगी जेट म्हटले की ओठांवर नाव येते ते लिअरजेटचे. सिम्युलेटरनेही तोच कित्ता गिरवला. मायक्रोसॉफ्टच्या १९८८ च्या आवृत्तीत लिअरजेट होते, २०२० च्या आवृत्तीत सेसना सायटेशन.

४/ या विस्मरणामागे बदलत्या नावांचाही हात आहे. डी हॅविलंड १९६० मध्ये हॉकर सिडली समूहाकडे गेली आणि विमान 'एचएस १२५' झाले. १९७७ मध्ये ब्रिटिश एरोस्पेस आली. १९९३ मध्ये हा व्यवसाय अमेरिकेच्या रेथिऑनला विकला गेला आणि पुढे जुळणी वेल्समधील ब्रॉटनहून कॅन्ससमधील विचिटा येथे हलली. २०१३ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत १,६०० हून अधिक विमाने बनली होती. घर बदलत गेले, तसे गोत्रही पुसट झाले.

५/ पहिल्या १२५ चे इंजिन होते व्हायपर. त्याचा जन्म जिंडिविक या वैमानिकरहित लक्ष्यविमानासाठी झाला होता. काही तास चालावे आणि नष्ट व्हावे, एवढेच त्याचे विहित आयुष्य. त्याच इंजिनाला पुढे दीर्घायुषी करण्यात आले. भारतीय हवाई दलाच्या ज्या 'किरण' विमानांवर वैमानिकांच्या पिढ्या घडल्या, त्यांच्या पहिल्या आवृत्तीतही व्हायपरच होते.

६/ या विमानाच्या स्वतःच्या काही सवयी आहेत. पंख पोटाखालून अखंड जातो. थंडीत पंखाच्या पुढच्या कडेवर बर्फ धरू नये म्हणून तिथल्या सूक्ष्म छिद्रांतून ग्लायकोलयुक्त द्रव पाझरतो. टाकीतला हा द्रव मर्यादित असतो. तो केव्हा सोडायचा आणि किती राखून ठेवायचा, हे वैमानिकाने ठरवायचे.

७/ उतरण्याची रीतही निराळी. सुरुवातीच्या १२५ ला इंजिनाचा झोत उलटवून थांबण्याची सोय नव्हती. चाके धावपट्टीला लागली, की एअरब्रेकचा दांडा नेहमीच्या मर्यादेपलीकडे ओढायचा. एअरब्रेक पूर्ण उघडतात, फ्लॅप खोल झुकतात, पंखांची उचल नाहीशी होते आणि सारा भार चाकांवर येऊन ब्रेक पकड घेतात. ही अवस्था केवळ जमिनीवरची. हवेत ती अनर्थकारक ठरेल.

८/ यंत्र दणकट होते. ७ ऑगस्ट १९८८ रोजी बोत्स्वानाचे अध्यक्ष क्वेट मसिरे यांच्या १२५-८०० वर अंगोलाच्या आकाशात मिग विमानातून क्षेपणास्त्र डागले गेले. एक इंजिन तुटून पडले. विमान तरीही सुखरूप उतरवण्यात आले आणि मसिरे बचावले.

९/ १९७६ पासूनच्या १२५-७०० मध्ये शांत आणि कमी इंधन पिणारी टर्बोफॅन इंजिने आली. व्हायपरचा कर्कश आवाज मात्र पुढे त्याच्याच मुळावर आला. ध्वनिमर्यादेच्या नव्या कायद्यामुळे २०१६ च्या आरंभापासून अशा जुन्या, गोंगाटी जेटना अमेरिकेच्या मुख्य भूमीवर बंदी झाली. हीच १२५ ची सर्वात मोठी बाजारपेठ होती.

१०/ मग उरते काय? लंडन कोल्नीच्या डी हॅविलंड संग्रहालयात एक आरंभीचे १२५ उभे आहे. अशी संग्रहालये विमानाचा देह जपतात, आणि ते थोर काम आहे. परंतु दांडा कोणत्या क्षणी ओढायचा, द्रव किती राखायचा, ही रीत उभ्या विमानात दिसत नाही. ती चालवण्यातच जिवंत राहते. घरगुती सिम्युलेटरचे ऐतिहासिक मोल नेमके येथे आहे.

११/ आक्षेप दोन. पहिला, हा तर खेळ. खरेच, खुर्चीत बसून वजन जाणवत नाही आणि जिवाची भीतीही वाटत नाही. पण क्रम, निर्णय आणि मर्यादा शिकता येतात. दुसरा, ग्राहकांना आधुनिक १२५-८०० अधिक भावेल. असेलही. ते विमान अजून उडते, त्याचे जाणकार विपुल आहेत. निकड आहे ती व्हायपरच्या पिढीची. तिचे चुकीचे अनुकरण बाजारात आले, तर हजारो लोक तोच इतिहास मानतील. चुकीची प्रतिकृती अभावापेक्षा घातक असते.

१२/ आणि संधी अजून हाताशी आहे. ब्रिटिश हवाई दलाने नॅव्हिगेटरांच्या प्रशिक्षणासाठी २० व्हायपरधारी १२५ घेतली होती. त्यांचे नाव 'डॉमिनी'. दलातील ड्रॅगन रॅपीडचेही हेच नाव होते. ही विमाने जानेवारी २०११ पर्यंत सेवेत होती. त्यांवर काम केलेले वैमानिक आणि तंत्रज्ञ आज हयात आहेत. निर्मात्यांनी बाह्यरंगाच्या डझनभर आवृत्त्या काढण्याआधी या माणसांना गाठावे. चाहत्यांनीही 'कधी' हा प्रश्न बाजूला ठेवून 'कोणाला विचारले' हे विचारावे. त्यासाठी आणखी वर्षभर थांबावे लागले, तरी ते थांबणे सार्थकी लागेल.