विहीर बुजली, हे पाहिले कोणी?

बावीस वर्षे मी समुद्रातल्या तेलविहिरींत सिमेंट सोडण्याचे काम केले. मुंबईच्या पश्चिमेला, वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिगवर. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस करंज्याला घरी. विहिरीत सिमेंट सोडताना त्यातलेच थोडे प्लास्टिकच्या प्याल्यात काढून डेकवर ठेवायची पद्धत आहे. काही तासांनी जाऊन त्यात बोट दाबून बघायचे. बोट रुतले तर थांबायचे. नखाचा ओरखडाही उठला नाही, तर खाली विहिरीतही सिमेंट धरले असणार, असे समजायचे.

या ‘असणार’नेच मला लिहायला बसवले.

पावसाळ्याच्या तोंडावरची एक रात्र आठवते. विहिरीत काही लागले नव्हते, ती कायमची बंद करायची होती. अशा विहिरीत ठरावीक खोलीवर सिमेंटचे प्लग बसवतात, शेवटचा समुद्रतळाच्या जरा खाली. मग विहिरीतली लोखंडी नळी, म्हणजे केसिंग, तळाखाली कापायची आणि रिग पुढच्या जागेवर न्यायची. त्या रात्री डेक तापलेला होता, प्याल्यातले सिमेंट दगडासारखे झाले होते. पण समुद्राच्या तळाशी डेकपेक्षा गारवा असतो आणि गारव्यात सिमेंट धरायला वेळ लागतो. बारा तास थांबायचे ठरले होते, आम्ही आठ तास थांबलो. पाइप खाली सोडून प्लगवर वजन टाकले, तेव्हा पाइप टेकला आणि मग हळूच आणखी खाली सरकला. कंपनीचा माणूस म्हणाला, वरचा थर मऊ असेल. रिगचे भाडे दिवसाला लाखांच्या घरात होते आणि वारा वाढत चालला होता. अहवालात ‘प्लग चांगला’ असे लिहिले गेले. खाली माझी सही आहे.

खालचे दोन प्लग चांगले धरले होते, हेही सांगायला हवे. त्या विहिरीतून काही गळत असेल असे मी म्हणत नाही. पण त्या रात्री रिगवर जे कोणी होते, त्या प्रत्येकाचा पगार ते काम लवकर संपण्याशी बांधलेला होता. बाहेरचा एकही डोळा तिथे नव्हता.

आसाममधल्या तिनसुकिया जिल्ह्यातले बागजान पुष्कळांना आठवत असेल. 27 मे 2020 रोजी तिथल्या पाच नंबरच्या विहिरीतून वायू उसळला, 9 जूनला पेट घेतला, तेल कंपनीच्या अग्निशामक दलाचे दोन जवान गेले. विहीर आटोक्यात यायला 15 नोव्हेंबर उजाडला. शेजारी मागुरी-मोटापुंग बिल ही पाणथळ जागा, पलीकडे डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान. राष्ट्रीय हरित लवादाने नेमलेल्या समितीने बोट ठेवले ते नेमके आमच्या धंद्याच्या दुखण्यावर: विहिरीच्या तोंडावरचा, उसळी रोखणारा ब्लोआउट प्रिव्हेंटर काढण्याआधी आतला दुसरा अडथळा पक्का आहे, तपासलेला आहे, याची खात्रीच झालेली नव्हती. मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी तेलविहिरीच्या स्फोटात अकरा माणसे दगावली, तेव्हाही ती विहीर खोदून झाली होती, ती तात्पुरती बंद करण्याचे काम चालू होते. दाबाची चाचणी घेतली गेली, आकडे समोर होते, पण त्यांचा अर्थ सोयीचा लावला गेला. खोदकामाला सगळे जपून असतात. बंद करताना माणूस थकलेला असतो आणि मन पुढच्या जागेवर गेलेले असते.

आपल्याकडे तेलक्षेत्रांचा मूळ कायदा 1948 चा. नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद होती. हजार रुपयांचा हा आकडा 2025 च्या दुरुस्तीपर्यंत तसाच होता. आता कैद गेली, दंड 25 लाखांपर्यंत झाला, चूक चालूच राहिली तर दिवसाला 10 लाखांपर्यंत. दंड वाढला हे बरेच झाले. पण चूक झाली हे कळायला कोणीतरी तिथे उभे असावे लागते. समुद्रातल्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाखाली येते, आणि सरकारी तेल कंपन्याही त्याच मंत्रालयाखाली. अमेरिकेत तेलाचे उत्पन्न गोळा करणारी आणि विहिरी तपासणारी यंत्रणा एकच होती. मेक्सिकोच्या आखातातली ती अकरा माणसे गेल्यावर 2010-11 मध्ये ही कामे वेगळी केली. आपण बागजाननंतर तरी हे करायला हवे होते. शेवटच्या प्लगवर वजन टाकले जाते तेव्हा तिथे कंपनीशी आणि त्या मंत्रालयाशी संबंध नसलेला निरीक्षक हजर असावा, आणि त्याची सही झाल्याशिवाय रिग हलू नये. त्यासाठी एक रात्र जास्त गेली तर जावी.

पैशांचाही प्रश्न आहे. 1999 च्या योजनेनुसार कंपन्या विहिरी बंद करून जागा पूर्ववत करण्यासाठी स्टेट बँकेत वेगळा निधी ठेवतात. ही चांगली सोय आहे. पण 2015 च्या धोरणापासून मोठ्या सरकारी कंपन्यांनी शोधून ठेवलेली छोटी क्षेत्रे लहान कंपन्यांकडे जाऊ लागली आहेत. लहान कंपनी बुडाली तर तिच्या विहिरी कोणी बुजवायच्या? पेनसिल्व्हेनियात 1859 मध्ये ड्रेक नावाच्या माणसाने तेलविहीर खोदली तेव्हापासून अमेरिकेने हा प्रश्न पुढे ढकलला. मालक उरला नाही अशा विहिरी बुजवायला तिथल्या संसदेला 2021 मध्ये सरकारी तिजोरीतून 470 कोटी डॉलर काढावे लागले. आपल्या विहिरी अजून मोजण्याइतक्या आहेत. तेव्हा बुजवण्याचा पूर्ण खर्च खोदण्याची परवानगी देण्याआधीच जमा करून घ्यावा.

माझा मामेभाऊ करंज्याचा, मासेमारी करतो. एकदा जाळे शिवता शिवता त्याने विचारले, “दादा, तुमी ते भोक बुजवता, पन बुजलं का नाय ते कोन बघतं?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. विहिरींची सरकारी माहिती कंपन्यांना नवे तेल शोधायला मिळते. त्यातूनच बंद विहिरींची साधी यादी, जागा, तारीख, प्लगची खोली आणि तपासणाऱ्याचे नाव एवढे तरी कोळ्याच्या मोबाइलवर, मराठीत दिसावे.

त्या रात्रीच्या विहिरीचे अक्षांश-रेखांश माझ्या जुन्या डायरीत आहेत. गेल्या महिन्यात मी ते मामेभावाच्या होडीतल्या जीपीएसमध्ये भरून दिले. तिथून जाताना पाण्यावर बुडबुडे किंवा तेलाचा तवंग दिसला तर लगेच फोन कर, असे त्याला सांगून ठेवले आहे.