हिरवळीचं खातं

आमच्या राजापूर तालुक्यातल्या घराचा १९६४ सालचा फोटो आणि यंदा मोबाईलवर काढलेला फोटो शेजारी ठेवला, की आमची समस्त दादर-डोंबिवली शाखा एका सुरात म्हणते, "अय्या, किती हिरवंगार झालंय हो गाव!" (जुना फोटो काळा-पांढरा आहे, हे सोडा.)

झालंय खरं. तेव्हा घरामागचा डोंगर आमच्या साहेबांच्या डोक्यासारखा तुळतुळीत होता. चुलीला लाकूड तिथलं, गुरांना गवत तिथलं, भाजावळीला कवळ तिथलीच. शिवाय उतारावर नाचणी नि वरी. डोंगर राबत होता महाराज! पुढे गॅस आला. १९९० पासून रोजगार हमीतून काजू-आंब्याची कलमं लागली. झकास झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण खालच्या भातखाचरांत जे हिरवं दिसतं ना, ती रानमोडी आहे. गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत, आणि लावायला गुरं तरी उरलीत कुठं?

आमच्या बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय ठरतं. 'काय शांत खातं आहे!' म्हणून त्याचं कुणी कौतुक करत नाही. इथं वीस वर्षं नांगर फिरला नाही, आणि ही मंडळी फोटोला अंगठे दाखवतायत! अय्यावाल्यांनी जुलैत चार दिवस लावणीला यावं. रजेचा अर्ज मी लिहून देतो.