बसल्या बसल्या होणारं काम



या वेळी एका वाचक भगिनीच्या पत्रापासून सुरुवात करते. ती लिहिते, ‘आपा, लग्नाआधी मी क्रोशिया करायचे. सासरी आल्यावर सुई पेटीत गेली. दुपारी कधी हातात घेतलीच, तर कोणीतरी विचारतंच, काही काम नाही का? आता नणंदेचं लग्न ठरलंय. पाहुण्यांना द्यायला बारा टोप्या हव्यात. तीच माणसं म्हणतात, तुला तर येतंच, बसल्या बसल्या होतील. हे काम आहे की नाही, एकदा सांगून टाका.’

पत्र वाचून आधी हसू आलं, मग थोडं वाईट वाटलं. आपल्या आवडीनं सुई धरली तर तो रिकामटेकडेपणा. दुसऱ्याला वस्तू हवी झाली की तेच काम इतकं सोपं, की त्याचे तास कोणी मोजायचेच नाहीत. ही तक्रार एकट्या तिची नाही. म्हणून या महिन्यात क्रोशियाबद्दलच बोलू या.

आधी त्यातल्या आनंदाबद्दल. क्रोशा हा शब्द मुळात फ्रेंच, अर्थ लहानशी आकडी. आपल्या घरांत कोणी क्रोशा म्हणतं, कोणी क्रोशिया. सामान काय, तर एक आकडीची सुई आणि दोऱ्याचा गुंडा. दोन सुयांवर स्वेटर विणताना ओळभर टाके सुईवर उघडे असतात. सुई निसटली की टाके पळत सुटतात. क्रोशात उघडा असतो तो फक्त एक फास. दूध उतू जायला आलं, दारावर कोणी आलं, अजान झाली, तर तो फास जरा लांब ओढून ठेवायचा आणि उठायचं. अर्ध्या तासानं या, नाहीतर दोन दिवसांनी या, काम तिथंच थांबलेलं असतं. टाका चुकला तर दोरा ओढून उसवायचा आणि पुन्हा घालायचा. दोरा वाया जात नाही. बाईला तिचा दिवस सलग मिळत नाही, तुकड्यातुकड्यांनी मिळतो. त्या तुकड्यांत मावेल असं हे काम आहे.

आणखी एक गोष्ट. घरकाम केलेलं दिसत नाही, न केलेलं तेवढं दिसतं. सकाळी थापलेली भाकरी दुपारपर्यंत संपते, घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा मोरीत पडतात, पुसलेली फरशी पोरं शाळेतून आली की मळते. क्रोशाची एक फेरी मात्र घातली की घातली. उद्या तिच्यावर दुसरी चढते. दिवसाअखेर ‘हे मी आज केलं’ असं बोट ठेवून दाखवता येतं. बाहेर पाऊस कोसळतोय, असरची नमाज झालीय, चहाचा कप शेजारी आहे आणि मगरिबपर्यंत चार फेऱ्या होणार आहेत, हे सुख छोटं आहे, पण खरं आहे. त्याला पैसा फारसा लागत नाही, परवानगी मात्र अजून लागते.

आपल्या घरांत या कामाला जागाही किती! कुरआन शरीफच्या जुजदानाची किनार, दुपट्ट्याची लेस, उशीच्या अभ्र्याचा काठ, मिठाईच्या ताटावर घालायचा ख्वानपोश, पाण्याच्या जगावर टाकायची गोल जाळी. त्या जाळीच्या काठाला मणी ओवलेले असतात ते नुसते शोभेसाठी नाहीत. मण्यांच्या वजनानं जाळी वाऱ्यानं उडत नाही, आत माशी शिरत नाही. आणि सगळ्यांत वर नमाजची जाळीदार टोपी.

तुर्कस्तानात डोक्याच्या रुमालाच्या काठावर ‘ओया’ नावाची बारीक फुलं काढतात. काही साध्या सुईनं, काही क्रोशाच्या आकडीनं. मुलीच्या रुखवतात असे रुमाल देण्याची तिथली जुनी रीत. तिथं असंही सांगतात, की बाईनं लाल मिरच्यांची ओया लावलेला रुमाल बांधला, की समजायचं आज ती नवऱ्यावर रागावलेली आहे. बोलायची सोय नव्हती तिथं दोरा बोलत असे.

ज्यांना नव्यानं शिकायचंय त्यांनी टोपीपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण तिच्यात एक सोपा हिशेब आहे. पाच साखळ्या घालून त्यांचं कडं करा. कड्यात १२ खांब घाला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत एकावर एक, पुढच्यावर दोन, म्हणजे ३६. चौथ्या फेरीत दोन खांबांवर एकेक आणि तिसऱ्यावर दोन, म्हणजे ४८. दर फेरीला १२ वाढवत गेलं की गोल सपाट राहतो. जास्त वाढवले तर काठाला झालर पडते, कमी वाढवले तर लवकर वाटी होते. मुका खांब घालणार असाल, तर १२ ऐवजी सहापासून सुरुवात करून दर फेरीला सहा वाढवायचे, कारण मुक्या खांबाची उंची कमी असते.

गोल केवढा करायचा? डोक्याचा घेर मोजा आणि त्याला ३.१४ नं भागा. घेर ५६ सेंटिमीटर असेल तर उत्तर साधारण १८ येतं. टोपी वापरताना थोडी ताणते, म्हणून १७ सेंटिमीटरला वाढवणं थांबवा. त्यापुढच्या फेऱ्या न वाढवता घाला. भिंत आपोआप खाली उतरू लागते. शाळेत वर्तुळाचा परीघ शिकणारी मुलगी किंवा मुलगा घरात असेल तर हा हिशेब त्यालाच करायला सांगा. वहीतलं सूत्र डोक्यावर कसं बसतं ते त्याला कळेल. टोपी तयार झाली की पातळ खळ देऊन पालथ्या पातेल्यावर वाळवा, आकार छान धरते.

दोरा घेताना लक्षात ठेवा, सुती दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. २० नंबरचा जाड, ४० नंबरचा बारीक. नवशिक्या हाताला जाड दोरा बरा. सुती दोऱ्याला २ मिलिमीटरच्या आतली सुई लागते, नेहमीच्या लोकरीला ३ ते ४ मिलिमीटरची. उजेड पाठीमागून किंवा बाजूनं यावा. अर्ध्या तासानं मान वर करून लांब बघावं आणि बोटं मोकळी करावीत.

आता त्या ‘बसल्या बसल्या’कडे वळू.

एका टोपीला आठ तास धरू. बारा टोप्यांचे झाले ९६ तास. रोज दोन तास बसायला मिळाले तरी ४८ दिवस. एवढे दिवस एखाद्या शिंप्याला दुकानात बसवलं असतं तर मजुरी विचारल्याशिवाय कोणी कापडही दिलं नसतं. घरातल्या बाईला मात्र तोंडाची स्तुतीही पुरते, आणि कधी तीही मिळत नाही. कारण ती बसलेली दिसते. हात चालू असतात ते कोणाला दिसत नाही.

हा समज किती महाग पडतो, त्याचं मोठं उदाहरण आपल्याच देशात आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठी नरसापूर नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ही लेस परदेशी जाऊ लागली आणि आसपासच्या गावांतल्या हजारो बायका घरोघरी हे काम करू लागल्या. १९८२ साली जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचं या बायकांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यांना दिसलं ते असं, की या बायका सगळं घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास लेस विणत होत्या. तरी त्यांना कामगार कोणी म्हणत नव्हतं. त्या ‘घरी बसून फावल्या वेळात’ करतात, अशीच सगळ्यांची समजूत होती. ती समजूत व्यापाऱ्यांच्या सोयीची होती, कारण फावल्या वेळाला मजुरी कमी दिली तरी चालते. एक बाई फूल विणायची, दुसरी ती फुलं जोडायची, आणि तयार कापड कितीला विकलं जातं ते विणणाऱ्या हातांपर्यंत पोहोचायचंच नाही. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाचं नाव झालं, ही आनंदाचीच गोष्ट. विणणाऱ्या बाईच्या हाती त्यातलं किती पडतं, हा प्रश्न मात्र प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्यानं विचारायला हवा.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक सलग कुजलं आणि भीषण दुष्काळ पडला. तेव्हा तिथल्या बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली गेली. ती लेस विकून अनेक घरांत चूल पेटती राहिली. शेत हातचं गेलं होतं, पण बोटांतली कला शाबूत होती. तेव्हा त्या कामाला ‘टाइमपास’ म्हणायची कोणाची छाती झाली नसती.

यंत्रावरची जाळी बाजारात ढिगानं मिळते. ती क्रोशासारखी दिसते, पण तिची वीण वेगळी असते. क्रोशाचा खरा खांब अजून माणसाच्या हातानंच घालावा लागतो. म्हणजे बाजारात खऱ्या क्रोशाची वस्तू फारच स्वस्त दिसली, तर समजावं की कोणाचे तरी तास कमी मोजले गेलेत.

उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिंते जहश (रजि.) आपल्या हातानं कातडी कमवत, शिवत आणि त्यातून आलेलं सदका करत. प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना सांगितलं होतं, की जिचा हात सर्वांत लांब ती मला सर्वांत आधी येऊन भेटेल. त्या आपापसांत हात मोजून बघत. पुढे हजरत जैनब (रजि.) सर्वांत आधी गेल्या, तेव्हा लांब हाताचा अर्थ उमगला. हा मान कष्टाच्या आणि देणाऱ्या हाताला मिळाला. आणि हजरत आयेशा (रजि.) यांना कोणी विचारलं की प्रेषित (स.) घरी काय करत, तेव्हा त्यांनी सांगितलं, की ते घरच्यांच्या कामात असत, आपले कपडे शिवत, चप्पल दुरुस्त करत. तेव्हा सुईदोरा हे बायकांचंच हलकं काम आहे, असं आपल्या घरात तरी कोणी म्हणू नये. मुलगा दहा वर्षांचा झाला की त्यालाही साखळी घालायला शिकवावी. निदान बहिणीच्या कामाचे तास तरी त्याला कळतील.

तर पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं उत्तर असं. होय, हे काम आहे. आवडीनं केलं म्हणून ते फुकट होत नाही, आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून ते रिकामं होत नाही. नणंदेला टोप्या प्रेमानं द्यायच्या असतील तर खुशाल द्या. त्याच्यासारखी भेट नाही. पण देताना तास सांगून द्या. जावेला म्हणा, ‘एवढे दिवस संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही बघा, मी टोप्या पुऱ्या करते.’ दोरा घरखर्चातून यावा, तुमच्या साठवलेल्या पैशांतून नव्हे. बारा जमत नसतील तर चार करा, बाकी बाजारातून येतील. लग्न मोडणार नाही.

आणि ज्या बाहेर विकतात त्यांनी वही ठेवावी. समजा, टोपीला ४० रुपयांचा दोरा लागला, ती २०० रुपयांना गेली आणि आठ तास लागले. उरले १६०, म्हणजे तासाला २० रुपये. हा आकडा एकदा स्वतःच्या अक्षरात लिहिला, की पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगताना जीभ अडखळत नाही. ओळखीच्या माणसाला सवलत द्यावी, पण ती सवलत आहे हे त्यालाही ठाऊक असावं.

पण प्रत्येक गोष्ट विकायलाच हवी असंही नाही. हल्ली कोणाच्या हातात चांगली वस्तू दिसली की लोक लगेच म्हणतात, ‘याचा धंदा का नाही करत?’ जिला गरज आहे तिनं जरूर करावा. जिला नाही, तिनं नुसत्या आनंदासाठी विणावं, शेजारच्या बाळंतिणीच्या बाळाला टोपडं द्यावं, खालाच्या जगाला जाळी द्यावी, किंवा आपल्याच खिडकीला पडदा करून त्यातून येणारं ऊन बघत बसावं. मोगऱ्याच्या कळ्या ओवणं, लोणच्याची बरणी उन्हात फिरवणं, नातवाला मांडीवर घेऊन डाळ निवडणं, हीही त्याच जातीची सुखं. ती हिशेबात धरायची नसतात, पण त्यांना वेळ मात्र द्यावा लागतो.

घरातल्या मोठ्यांना एकच विनंती. सून, मुलगी, बायको सुई घेऊन बसलेली दिसली की ‘काही काम नाही का’ ऐवजी ‘काय विणतेस, दाखव’ असं विचारून बघा. चहा हवा असेल तर त्या अर्ध्या तासात स्वतः ठेवा, आणि एक कप तिच्यासाठीही ठेवा.

पुढच्या महिन्यापर्यंत, खुदा हाफिज.