पीठ वाहणारं विमान

विमानाचा प्लास्टिकचा संच म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. खोका उघडायचा, चौकटीला लटकलेले पंख-चाकं मोडून घ्यायची, खुणा बघून चिकटवायची. दोन संध्याकाळी गेल्या की विमान तयार. मी ज्या संचाबद्दल लिहितोय त्याच्या खोक्यात विमान नव्हतंच. पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन शीट होत्या, जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी. इडलीपात्राची ताटली उलटी धरल्यावर दिसतात तसे त्यांच्यावर फुगवटे उठलेले. सोबत आराखड्याचा एक कागद, पिवळी पडलेली बोटभर चित्रपट्टी, आणि बाकी तुमचं तुम्ही बघा!

या प्रकाराला व्हॅक्युम फॉर्म म्हणतात. ज्यांनी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लाकडी पॅटर्न पाहिलाय, त्यांना तो चटकन समजेल. विमानाच्या प्रत्येक भागाचा पॅटर्न कोरायचा, त्यावर गरम करून मऊ केलेली प्लास्टिकची शीट टाकायची आणि खालून हवा ओढून घ्यायची. शीट पॅटर्नला घट्ट बिलगते, थंड झाली की तोच आकार धरून बसते. मोठ्या कंपन्या पोलादी साचा करून त्यात वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरतात. तो साचा महाग, म्हणून हजारोंनी खपतील अशाच विमानांचा करतात. लाकडी पॅटर्न मात्र एकटा माणूस आपल्या घरामागच्या खोलीत करू शकतो. त्यामुळे १९६० ते १९८० च्या दशकांत इंग्लंडमध्ये असे एकांडे कारखानदार निघाले आणि कुणी हात न लावलेली जुनी विमानं त्यांनी शौकिनांना पुरवली. त्यातलंच हे एक, बी.ई. २ सी, दोन मजली पंखांचं.

संच माझा नाही, आमच्या शेजारच्या काकांचा. ते हवाईदलात एअरफ्रेम फिटर होते. १९७९ साली जग्वार विमानांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले असताना एका दुकानात त्यांनी हा खोका पाहिला, आणि जेवणाच्या भत्त्यातून पैसे वाचवून घेतला. तेव्हापासून तो लोखंडी पेटीत, गरम कपड्यांच्या खाली. लढाऊ विमानाची चकचकीत खोकी शेजारीच असताना हेच का घेतलं, याचं उत्तर त्यांच्या आज्ज्यांत आहे.

आज्जा ११०व्या मराठा पलटणीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' म्हणूनच ओळखली जाई. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या ज्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या, तिचं केंद्र आपल्या बेळगावात आलं हे वाचकांना सांगायला नको. पण कुत-अल-अमारा हे नाव गावात किती जणांना आठवतं? तैग्रिस नदीच्या वळणातलं, तीन बाजूंनी पाणी असलेलं ते गाव. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेने तिथे या डिव्हिजनला वेढलं, ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. आपल्याकडच्या बऱ्याच शिपायांनी ते मांस शेवटच्या दिवसांपर्यंत नाकारलं. त्यांची सगळी भिस्त पिठावर, आणि पीठ संपत आलेलं.

एप्रिलच्या मध्यापासून ते आकाशातून यायला लागलं. वेढ्यात सापडलेल्या फौजेला विमानांनी अन्न पुरवण्याचा जगाच्या इतिहासातला हा पहिला मोठा प्रयत्न. जी मिळतील ती विमानं त्याला जुंपली होती, त्यात बी.ई. २ सी होतं. बॉम्ब अडकवायच्या जागी पिठाची पोती बांधायची, आणखी दोन लहान पोती खालच्या पंखावर, वजन वाचावं म्हणून टेहळ्याला खाली उतरवायचं आणि वैमानिकाने एकट्याने जायचं. एका खेपेला सुमारे १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. हिशेब करून बघा. आत शिपाई, हरकामे आणि गावकरी मिळून जवळपास वीस हजार तोंडं. एका खेपेचं पीठ सगळ्यांना सारखं वाटलं तर माणशी साडेतीन ग्रॅमही येत नाही. शिवाय काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. त्याआधी एकदा धान्य दळायला जात्याच्या तळ्याही विमानातून टाकल्या होत्या. एवढं करून कुत पडलंच. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली आणि वाळवंटातल्या पायपिटीत, छावण्यांत हजारो मेली.

आज्जा परत आले. लढाईबद्दल ते घरात काही बोलत नसत, पण नातवंडांना एक गोष्ट सांगत, की आम्ही उपाशी होतो तेव्हा वरून पीठ पडलं. पोरांना वाटायचं, आज्जा पुराणातलं काहीतरी सांगतोय. काका हवाईदलात शिरले, तिथल्या ग्रंथालयात कुतची हकिकत त्यांच्या वाचनात आली, तेव्हा त्यांना पोत्यांचं ते विमान सापडलं.

आता काकांचं वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांचा पडदा आतून खराब होत चाललाय. समोर धरलेल्या वस्तूचा मधला भाग दिसत नाही, कडा तेवढ्या दिसतात. उरलेलं किती दिवस टिकेल हे डॉक्टर नक्की सांगत नाहीत. बंगळूरच्या पुतण्याने सुचवलं, की न उघडलेल्या जुन्या संचांना शौकीन चांगले पैसे देतात, विकून टाका. काका मला म्हणाले, "सर, चाळीस वर्षं पेटीत ठेवून बघितलंय की. तुम्ही करा. बघता येतंय तवर बघतो."

एअरफिक्सने गेल्या दशकात हेच विमान याच मापात काढलंय, सगळे भाग तयार. ते मागवून जोडलं असतं तर महिन्याभरात काम झालं असतं, आणि मी तसं सुचवलंही. काकांनी फक्त मान हलवली. मला त्यांचं पटलं. न कापलेली शीट जपून ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण तिच्यात विमान नसतं, फुगवटे असतात. कापल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि चुकीचं कापलं तर दुसरी शीट नाही.

म्हणून आधी पेन्सिल. प्रत्येक फुगवट्याच्या पायथ्याशी टोकदार पेन्सिलने रेघ काढायची. मग पातं तिरकं धरून रेघेबाहेरून हलक्या हाताने ओरखडा ओढायचा. आरपार कापायचं नाही, दोन-तीनदा ओरखडायचं आणि वाकवायचं. प्लास्टिक पापडासारखं कटकन तुटतं. भाग सुटा झाला, पण त्याला शीटच्या जाडीचा काठ शिल्लक असतो. तो घासून काढला नाही तर दोन अर्धुकं जोडून झालेलं धड खऱ्यापेक्षा जाड होतं. काच सपाट ठेवायची, तिच्यावर बारीक पॉलिश पेपर, थोडं पाणी, आणि भाग पालथा धरून गोल गोल घासत राहायचं. पेन्सिलची रेघ दिसेनाशी होते तिथे थांबायचं.

हे काम काकांनी आपल्याकडे घेतलं. मी जरा घाबरलोच होतो. पण घासण्याला डोळा कमी आणि बोट जास्त लागतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. पंखाची मागची कड पातळ हवी, कागदासारखी. ते दर पाच मिनिटांनी थांबत, कडेवरून अंगठा फिरवत, आणि "अजून दोन हात" म्हणून पुन्हा घासत. जन्मभर विमानाच्या पत्र्यावरून हात फिरवून भेगा शोधलेला माणूस! काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "इब्बरू सेरि एन माडाकत्तीरी?" काका म्हणायचे, "पीठ मळाकत्तीवी."

खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३७ फूट. आपलं माप बहात्तरास एक, म्हणजे सहा इंचांना थोडंसंच जास्त. विमानाचा वेगही ताशी बहात्तर मैलच, हा योगायोग. पंखांच्या दोन मजल्यांमध्ये जेमतेम एक इंच उरतो, आणि त्या इंचात आठ खांब बसवायचे, शिवाय धडावर चार. शीटमध्ये खांब नसतातच. मी अगरबत्तीच्या काड्या उभ्या चिरल्या आणि घासून लांबट-गोल केल्या. थर्माकोलच्या तुकड्यांत खाचा पाडून त्यांत दोन्ही पंख धरले. वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे असतो आणि दोन्ही पंखांची टोकं किंचित वर उचललेली. ही ठेवण सोयीची नव्हे, मुद्दाम केलेली. एडवर्ड बस्क नावाच्या तरुण इंजिनियरने हे विमान असं बेतलं, की वैमानिकाने हात सोडले तरी ते सरळ उडत राहावं. नोव्हेंबर १९१४ मध्ये अशाच विमानाला हवेत आग लागून तो गेला. फोटो घ्यायला, टेहळणीला हा स्थिरपणा फार कामाचा. पण जर्मन फोकर पाठीमागे लागलं की हे बिचारं चटकन वळेना. १९१६ साली ब्रिटिश पार्लमेंटात एका सभासदाने असा आरोप केला, की आमच्या वैमानिकांचा हा मृत्यू नव्हे, खून आहे. फ्रान्सच्या आकाशात ज्याला शिव्या मिळाल्या ते कुतवर पोती टाकायला गेलं. एकट्या वैमानिकाला सुकाणू सांभाळून पोती सोडायची, तर असंच न डगमगणारं विमान बरं, असं मला वाटतं.

मग तारा. दुमजली विमानातला खरा अवघड भाग हाच, आणि माझ्या मते खरा सुंदरही. रेल्वेच्या लोखंडी पुलावर उभ्या खांबांच्या मधून तिरके गज जातात ना? ऑक्टेव्ह शनूट हा अमेरिकेतला रेल्वे इंजिनियर. त्याने १८९६ साली पुलाची तीच रचना दुमजली पंखांना लावली आणि राइट बंधूंनीही ती उचलली. फरक एवढाच, की पुलाच्या गजाऐवजी तार. उडताना पंख वर उचलला जातो तेव्हा धडाकडून वर जाणाऱ्या तारा ताण घेतात. जमिनीवर पंख आपल्या वजनाने खाली लोंबतो, तेव्हा उलट्या तिरक्या तारा. एकही तार शोभेची नसते. एक काढली की तिचं काम कुणावर पडलं, हे बोटाने दाखवता येतं. वर्गात फळ्यावर आकृती काढून मुलांना जे कळत नाही ते या सहा इंचांत कळेल.

खरी तार चार-पाच मिलिमीटरची धरली तरी बहात्तरने भागल्यावर ती केसाएवढी होते. शौकीन लोक प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर मऊ करून ओढतात आणि तिचा धागा काढतात. गंमत अशी, की या संचात तशी काडीही नाही. ती नातवाच्या दुसऱ्या संचातून मागून घ्यावी लागली. काकांनी उमेदवारीत टायगर मॉथच्या तारा ताणलेल्या. ते मान एका बाजूला कलती करून, डोळ्याच्या कडेने बघत सांगत, "तंती बिगी इरली, भाळ बिगी बेड." जास्त ताणली की पंखच मुरगळतो, मॉडेलचाही आणि खऱ्याचाही. अठ्ठावीस तारा झाल्या तेव्हा त्यांनी मोरपिसाच्या टोकाने एकेक हलवून बघितली. दोन मला परत घालायला लावल्या.

पोती संचात नव्हती. एम-सीलच्या आठ मिलिमीटरच्या लोळ्या करून, पातळ कागदात गुंडाळून, दोऱ्याने आवळल्या. दोन मोठ्या पोटाखाली, दोन लहान खालच्या पंखावर, धडाला लागून. काकूंनी एक उचलून बघितली, बराच वेळ हातात ठेवली आणि म्हणाल्या, एवढ्याशात कुणाचं पोट भरतंय?

विमान रंगून झालंय. वरून मातकट हिरवं, खालून कच्च्या कापडाचा रंग. राहिलीय ती चित्रपट्टी, पंखांवरची लाल-पांढरी-निळी चक्रं आणि शेपटावरचे आकडे. पांढऱ्यावर चाळीस वर्षांचा पिवळेपणा चढलाय. त्यावर उपाय आहे. पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायची, आठ-दहा दिवसांचं कडक ऊन लागलं की पिवळं उडतं. चक्रं हातानेही रंगवता येतील, पण काकांना खोक्यातलीच हवी आहेत. जुलै महिना आहे आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पिशवी त्यांच्या पूर्वेच्या खिडकीला लावलेली आहे. रोज सकाळी मी कॉलेजला निघालो की काका फाटकाशी उभे असतात, ढगांकडे तिरके बघत विचारतात, "सर, बिसिलु बंतेन्री?"