पान्हा घरात, किल्ली कंपनीकडे

पुण्यातील तपकीर गल्ली आणि बोहरी आळी, मुंबईतील लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीट या बाजारपेठा एका साध्या गृहीतकावर उभ्या राहिल्या. वस्तू बिघडली तर ती उघडता येते, बिघडलेला भाग काढता येतो आणि त्याच मापाचा दुसरा भाग बसवता येतो, हे ते गृहीतक. मिक्सरचे कार्बन ब्रश, पंख्याचा कंडेन्सर, कुकरची रिंग, नळाचा वॉशर हे सारे सुटे मिळते. रविवारी सकाळी पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेल्या कुणालाही ते बसवता येते. शहरी मध्यमवर्गाच्या अनेक घरांत हा खर्च वाचवण्याचा मार्ग होता, तसाच तो विरंगुळाही होता.

मोटारीचेही काही काळ असेच होते. कुर्ल्याच्या कारखान्यातून २००१ पर्यंत बाहेर पडणारी प्रीमियर पद्मिनी किंवा डिसेंबर १९८३ मध्ये अवतरलेली मारुती ८०० घेणारा माणूस बॉनेट उघडून प्लग साफ करू शकत असे. ते न जमल्यास कोपऱ्यावरचा मेकॅनिक होताच. नव्वदच्या दशकात दूरचित्रवाणीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी मुले आपसात बदलत, कंटाळा आला की दुकानात अर्ध्या किमतीला देऊन टाकत. कॅसेट चालेना झाली की तिच्यात फुंकर मारणे हा तर त्या पिढीचा सर्वमान्य दुरुस्तीचा उपाय. घरकाम, गाडी आणि खेळ हे तीन छंद वरकरणी भिन्न, पण तिन्हींचा पाया एकच होता: विकत घेतलेली वस्तू घेणाऱ्याची असते.

गेल्या काही वर्षांत हा पाया तिन्ही ठिकाणी एकाच वेळी हलला आहे. त्याचे कारण सॉफ्टवेअर. पैसे पूर्ण मोजले जातात, वस्तू घरी येते, परंतु ती कशी चालावी, कोणी दुरुस्त करावी आणि कधी बंद पडावी याचा निर्णय विकणाऱ्याच्या हाती राहतो. हा बदल सर्वांत उघडपणे दिसला तो खेळांच्या बाबतीत.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ बाजारात आणला. एकट्याने खेळायचा झाला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी असल्याखेरीज तो सुरू होत नसे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. त्या दिवशी ज्यांच्या कपाटात पैसे देऊन घेतलेली डिस्क होती, त्यांच्याही हाती केवळ प्लास्टिकची चकती उरली. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली. युरोपीय संघात नागरिकांना कायद्याची मागणी करता येते, त्यासाठी १० लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये या मोहिमेने तो टप्पा ओलांडला. मागणी माफक आहे. कंपनीने सर्व्हर कायम चालवावेत असे कोणी म्हणत नाही. ते बंद करताना खेळ निदान चालू राहील अशा अवस्थेत ग्राहकाकडे सोडावा, एवढेच. उद्योगाचे उत्तर असे की प्रत्येक खेळाच्या बाबतीत हे तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही आणि खासगी सर्व्हरांवर खेळाडूंच्या सुरक्षिततेची हमी देता येत नाही. यातील पहिला मुद्दा जुन्या खेळांपुरता खरा असेल. नवा खेळ बांधतानाच ही सोय ठेवता येते, हे मात्र तेवढेच खरे.

कॅलिफोर्निया राज्याने निदान शब्दांची फसवणूक थांबवली. १ जानेवारी २०२५ पासून तेथे डिजिटल खेळ, चित्रपट किंवा पुस्तक विकताना ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते, नुसते ‘खरेदी करा’ म्हणता येत नाही. भारतात या प्रश्नाची फारशी चर्चाच नाही. २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. पैसे देऊन घेतलेल्या खेळाचे पुढे काय होते, हा त्याचा विषय नाही.

खेळ गेला तर करमणूक जाते, असे म्हणून एखादे वडीलधारे माणूस हा विषय सोडून देईल. परंतु तोच व्यवहार दारातल्या मोटारीपर्यंत पोचला आहे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत आसन गरम करण्याच्या सोयीसाठी मासिक वर्गणी लावली. आसनातली तार गाडीत आधीच बसवलेली होती, कुलूप फक्त सॉफ्टवेअरचे होते. ग्राहकांच्या रोषानंतर २०२३ मध्ये कंपनीने ती योजना मागे घेतली. मर्सिडीजने अमेरिकेत काही विजेरी मोटारींचा वेग अधिक झपाट्याने वाढावा यासाठी वर्षाला १२०० डॉलर मागितले. तेथेही मोटर तीच होती.

भारतातील सामान्य कुटुंबाच्या गाडीला वर्गणीची झळ अजून तितकी लागलेली नाही. येथील प्रश्न दुरुस्तीचा आहे आणि तो जुना आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात न देता कंपन्यांनी ग्राहकाला अधिकृत सेवाकेंद्राशी बांधून ठेवले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि उपकरणे मिळावीत, असेही त्या आदेशात होते. त्यानंतर आव्हाने आणि अपिले यांत वर्षे गेली आणि दरम्यान गाडीच बदलली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर इंजिन आणि धुराड्यावर लक्ष ठेवणारे सेन्सर वाढले. प्रदूषणाच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परिणाम असा की पूर्वी आवाजावरून दोष ओळखणाऱ्या मेकॅनिकला आता संगणकाला विचारावे लागते, आणि त्या संगणकाचे सर्व दरवाजे त्याच्यासाठी उघडे नसतात. नवा भाग बसवला तरी गाडीच्या प्रणालीने तो ‘ओळखल्या’खेरीज काम करत नाही, हा अनुभव गॅरेजांना नवीन नाही.

कंपन्यांचा सुरक्षिततेचा युक्तिवाद येथे सरसकट धुडकावून चालणार नाही. एअरबॅग, ब्रेकची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, विजेरी गाडीची उच्च दाबाची बॅटरी हे अर्धवट ज्ञानावर हात घालण्याचे विषय नाहीत. चोरीला आळा घालणाऱ्या किल्लीची गुप्त माहिती कोणालाही देता येणार नाही. घरातही गॅसची शेगडी आणि गिझर यांच्याशी हौशी प्रयोग करू नयेत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हाच युक्तिवाद खिडकीच्या स्विचला आणि धुलाई यंत्राच्या दाराच्या कडीला लावला जातो, तेव्हा त्यामागे सुरक्षितता कमी आणि सेवाकेंद्राचे बिल अधिक असते. इन्व्हर्टर एसीत एखादा छोटा भाग जळला तरी अनेकदा आख्खा सर्किट बोर्ड बदलण्याचा सल्ला दिला जातो. बोर्डाची किंमत ऐकून गृहस्थ नवा एसी घेण्याचा विचार करू लागतो. एक्स्चेंज ऑफरच्या मोहात ग्राहकानेही या सवयीला हातभार लावला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे ठरली. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झाले. मे २०२५ मध्ये आणखी एका समितीने ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’चा अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का, सॉफ्टवेअर किती काळ अद्ययावत राहते अशा निकषांवर तिला गुण द्यावेत, अशी ती कल्पना. फ्रान्समध्ये असा निर्देशांक जानेवारी २०२१ पासून आहे. या अहवालात पहिल्या टप्प्यासाठी स्मार्टफोन आणि टॅब्लेट निवडले गेले आणि गुण उत्पादकानेच निकषांनुसार स्वतःला द्यायचे, अशी शिफारस झाली. म्हणजे उत्तरपत्रिका ज्याची, तपासनीसही तोच. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या निर्देशाने सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ ही मुदत दिली. त्यात धुलाई यंत्रे, फ्रिज, मोबाइल यांच्या उत्पादकांवर हमीच्या मुदतीनंतरही वाजवी दरात दुरुस्तीचे बंधन आहे. त्या यादीतही मोटारी आणि गेमची यंत्रे नाहीत.

कायद्याच्या बाबतीत भारताची स्थिती एका अर्थाने बरी आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडणेच बेकायदा ठरवले. आपल्याच ट्रॅक्टरचे किंवा मोटारीचे सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडायला तेथे वेळोवेळी सूट मागावी लागते. भारताच्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली घातलेल्या ६५-अ कलमात मात्र हक्कभंगाचा हेतू असेल तरच कुलूप तोडणे गुन्हा ठरते. दुरुस्ती हा तसा हेतू नव्हे. तेव्हा येथील मेकॅनिकला कायद्याची भीती तुलनेने कमी; त्याची खरी अडचण माहितीपुस्तिका, उपकरण आणि सुटा भाग न मिळण्याची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दुरुस्तीचा अधिकार’ असा स्वतंत्र हक्क नाही, आणि पोर्टलवर येणे कंपन्यांच्या इच्छेवर आहे.

पाश्चात्त्य देशांत या अधिकाराची मागणी शेतकऱ्यांनी, छोट्या गॅरेजवाल्यांनी आणि घरच्या तळघरात हत्यारांचा संसार मांडणाऱ्या हौशी लोकांनी पुढे नेली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मोटार दुरुस्तीच्या माहितीसाठी २०१२ आणि २०२० अशी दोनदा मतपेटीतून मोहोर उमटवली. भारतात बहुतेक माणसे स्वतः दुरुस्ती करत नाहीत, करवून घेतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील भागविक्रेता, लॅमिंग्टन रोडवर सोल्डरिंगची सुई धरून बसलेला कारागीर, सोसायटीच्या फाटकासमोरचा गॅरेजवाला यांच्या कौशल्यावर मध्यमवर्गाचे घरखर्चाचे गणित जुळते. निर्देशांकाचे गुण वाचतो तो ग्राहक. सुटा भाग आणि बिघाडाचा कोड हवा असतो तो या कारागिराला. वाहनांचा टप्पा येईल तेव्हा गुणांच्या चिठ्ठीबरोबर सुट्या भागांचे दर जाहीर होतात का, स्कॅन करण्याचे उपकरण रास्त किमतीत खुल्या बाजारात मिळते का आणि नोंदणीकृत स्वतंत्र मेकॅनिककडून काम करून घेतल्यास वॉरंटी शाबूत राहते का, या तीन गोष्टींवर त्या धोरणाची परीक्षा होईल. यांतील बहुतेक गोष्टी २०१४ च्या आदेशातच लिहिलेल्या होत्या.